प्रवाळांची टाकी: दोन पंप, मधोमध खड्डा आणि मागे शेवाळ

खारा_जर्सीकर | ११ जानेवारी, २१:४०

मंडळी, विषय जरा आडवळणाचा आहे, पण इथे गप्पी आणि गोल्डफिशवर दोनशे प्रतिसाद पडलेले पाहिले म्हणून धीर केला.

राहतो न्यू जर्सीत. सव्वा वर्षापूर्वी खाऱ्या पाण्याची टाकी मांडली. चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच, म्हणजे साधारण ४५० लिटर. खाली सम्प (पाणी गाळायची जोड-टाकी), त्यातून पाणी वर चढवणारा रिटर्न पंप ताशी २५०० लिटरचा. टाकीत डाव्या आणि उजव्या काचेवर एकेक वेव्हमेकर (टाकीतलं पाणी ढवळणारा पंप), बरोबर समोरासमोर, प्रत्येकी ताशी १०,००० लिटर. म्हणजे कागदावर टाकीतलं पाणी तासाला ४४ वेळा फिरतं. दुकानदार म्हणाला होता, ३० पट झालं तरी डोक्यावरून पाणी.

आता तक्रार. वाळूत मधोमध खड्डा पडलाय, थेट खालची काच दिसते. दर रविवारी बुजवतो, बुधवारी परत हजर. खडकांची रास मागच्या काचेला टेकून रचली आहे, तिच्या मागे तांबूस बुळबुळीत साय धरते (शेवाळ म्हणतात, पण खरं तर सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणू). वर अ‍ॅक्रोपोरा (फांद्यांचं कठीण प्रवाळ) आहे, त्याची समोरची बाजू ठणठणीत, मागची बुडाकडून फिकी पडत चालली. आणि टॉर्च कोरल या दुसऱ्या प्रवाळाची बोटं दिवसभर एकाच बाजूला आडवी, वादळात सापडलेल्या माडासारखी.

प्रश्न सरळ आहे: तिसरा पंप घेऊ का? बायकोचं मत, आधी डोकं लाव, मग पाकीट.

चहा_बिस्कीट | ११ जानेवारी, २१:५२

आमच्या गच्चीतल्या पिंपातल्या गप्पींना हे वाचून दाखवलं. दोघी पोहायच्या थांबल्या.

मालवणी_खाजा | ११ जानेवारी, २२:०५

दर्या घरात आणलंस, आता लाट खंयसून सोडू म्हणान इचारतंस?

समिंदरी | ११ जानेवारी, २३:३०

मेलबर्नहून. अकरा वर्षं हेच करते आहे, त्यामुळे थोडं लांबड लावते, माफ करा.

आधी हे लिटरचं गणित बाजूला ठेवा. ४४ पट म्हणजे पंपाच्या तोंडातून किती पाणी गेलं एवढंच. त्यातलं निम्मं पाणी तेच ते असतं, पंपासमोर गिरकी घेऊन परत पंपात. खडकामागे काय पोचलं ते त्या आकड्यात नाही.

प्रवाळाला पाण्याची हालचाल लागते कशाला, तेही सांगते, कारण पुष्कळजण "समुद्रासारखं दिसावं म्हणून" लाटा सोडतात. प्रवाळाच्या अंगाला पाण्याचा एक पातळ थर चिकटून असतो, तो जवळजवळ हलतच नाही. लागणारं सगळं त्या थरातून झिरपत आत येतं आणि नको ते तसंच बाहेर जातं. दिवसा प्रवाळाच्या पेशींतली शैवालं भराभर ऑक्सिजन तयार करतात. तो वेळेत निघून गेला नाही तर तोच बाधतो. बाहेरचं पाणी जितकं खेळतं, तितका हा थर पातळ. १९९८ साली जगभर प्रवाळं पांढरी पडली तेव्हा ओकिनावात असं दिसलं की वाहत्या पाण्यातली अ‍ॅक्रोपोरा साचलेल्या पाण्यातल्यांपेक्षा जास्त तगली. तुमच्या अ‍ॅक्रोपोराची मागची बाजू फिकी पडते आहे, तिथे मला आधी पाण्याचाच संशय येईल. (सावलीही असेल. दिवा कुठे आहे?)

टॉर्चचं दुखणं उलटं आहे. त्याची बोटं डोलली पाहिजेत, झोपता कामा नयेत. सतत एकाच बाजूने धार बसली की मांस सांगाड्याच्या धारदार कडेवर घासतं आणि फाटतं. त्याला आजच तिथून हलवा, बाकी चर्चा नंतर.

आणि एक प्रश्न: तो खड्डा अगदी मध्यावर आहे का, की एखाद्या पंपाकडे सरकलेला?

खारा_जर्सीकर | १२ जानेवारी, ०६:१५

अगदी मध्यावर. टेप लावून पाहिलं, दोन्हीकडून दोन-दोन फूट. टॉर्च हलवला. दिवा मध्यभागी आहे, मागे सावली पडते हे खरं.

पाटकरी | १२ जानेवारी, ०७:४०

मला त्या प्रवाळातलं ओ की ठो कळत नाही. सांगली जिल्ह्यात ऊस आहे, आणि रात्री-बेरात्री दारं धरण्यात आयुष्य गेलं. पण तुमचा खड्डा ओळखीचा वाटला.

दोन पाटांचं पाणी समोरासमोर आणून सोडलं तर काय होतं? दोघं एकमेकांवर आपटतात, जोर जिरतो, जिथे आपटतात तिथली माती उकरली जाते आणि ती माती जाऊन बसते कडेला, जिथे पाणी निवांत आहे. तुमचा खड्डा मधे आणि गाळ मागे, म्हणजे हेच. पाण्याला जायला वाट आणि परत यायला वाट, दोन्ही दिल्या की ते आपलं आपण फिरतं. तुम्ही दोन्ही वाटांवर दोन पैलवान उभे केलेत.

तिसरा पैलवान आणू नका.

समिंदरी | १२ जानेवारी, ०८:०२

पाटकरी, हेच सांगायला मी आणखी चार परिच्छेद घेतले असते.

वातानुकूलित | १२ जानेवारी, १०:२०

पोटासाठी सीएफडी (संगणकावर प्रवाहांचं गणित) करतो, पुण्यात गाड्यांच्या कंपनीत. पाटकरींचं बरोबर आहे. दोन समान धारा समोरासमोर आल्या की मध्यावर दाब वाढतो आणि पाणी फुटून वर, खाली आणि बाजूला पळतं. खाली गेलेलं वाळू उचलतं.

मापं आणि खडकांचे फोटो पाठवलेत तर हौस म्हणून एक मॉडेल चालवतो. पण आधीच सांगतो, खडकांच्या भोकांची भूमिती कोणी नीट दिली नाही तर रंगीत चित्र झकास येईल आणि उपयोग शून्य. आमच्या धंद्यात अशा चित्रांवर बढत्या झालेल्या आहेत.

खडूस_काकू | १२ जानेवारी, ११:४५

मला एक कळत नाही, समुद्रात जे आहे ते समुद्रात राहू द्यावं. एवढं पाणी, वीज, पंप, वर त्यांच्या आजारपणाची काळजी. हौसेला मोल नाही म्हणतात, पण ते प्रवाळ काय म्हणत असेल?

खारा_जर्सीकर | १२ जानेवारी, १२:१०

काकू, रास्त प्रश्न. माझ्याकडची सगळी प्रवाळं दुसऱ्या हौशी लोकांच्या टाक्यांत वाढलेल्या वसाहतींचे तुकडे आहेत, बोटाच्या पेराएवढे आणलेले. समुद्रातून उचललेलं एकही नाही. विजेबद्दल मात्र बोलायला तोंड नाही.

कायदेपंडित_नाही | १२ जानेवारी, १३:००

भारतातून वाचणाऱ्यांसाठी, कारण असे धागे वाचून कोणीतरी उठून दुकानात जातं: आपल्याकडे सगळी कठीण प्रवाळं, काळी प्रवाळं, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे वाघ ज्या यादीत, त्याच यादीत. अ‍ॅक्रोपोरा, टॉर्च वगैरे पाळणं सोडाच, किनाऱ्यावर सापडलेला मेलेला तुकडा शोकेसमध्ये ठेवणंही अंगाशी येऊ शकतं. जर्सीकरांची गोष्ट वेगळी, ते तिथे आहेत.

चहा_बिस्कीट | १२ जानेवारी, १३:०४

आमच्या आत्याकडे टीव्हीवर एक आहे. १९८० सालचा, रामेश्वरहून आणलेला. आत्याला सांगू की नको?

दर्यावर्दी_७७ | १२ जानेवारी, १९:३०

मालवणात डायव्हिंगवाल्यांबरोबर काही हंगाम काढलेत, खाली काय होतं ते सांगतो.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास उथळ पाण्यात प्रवाळं आहेत. तिथे पाणी नदीसारखं एका दिशेने वाहत नाही. वरून लाट गेली की तळाशी सगळं पाणी पुढे सरकतं, क्षणभर थांबतं, परत मागे. तुम्ही खडकाला धरून बसलात तर तुम्हीही पुढे-मागे. मासे त्याच तालात, गवतही त्याच तालात. त्याखेरीज भरती-ओहोटीचा संथ ओघ वेगळा, तो तासन् तास एकीकडे आणि मग उलटा. उधाणाला जोरात, भांगाला मरगळलेला. म्हणजे दोन ताल एकावर एक: एक सेकंदांचा, एक तासांचा.

विजयदुर्गासमोर शंभरेक किलोमीटर आत आंग्रिया बँक आहे, कान्होजींच्या नावाची. पाण्याखालचं पठार, वर प्रवाळं. तिथे म्हणे ओढ भलतीच असते. जायचा योग अजून आला नाही.

तर टाकीत एकच पंप एकाच जोराने चोवीस तास चालवणं म्हणजे प्रवाळाला पंख्याखाली बसवून ठेवणं.

समिंदरी | १३ जानेवारी, ०३:१५

दर्यावर्दी, झकास. टाकीत हे दोन ताल जमवायची माझी पद्धत सांगते.

तासांचा ताल: दोन्ही पंप एकदम नाही. सहा तास डावीकडचा जोरात आणि उजवीकडचा नावाला, मग उलट. पंप पुढच्या काचेजवळ, पाण्याच्या पृष्ठभागाखाली चार-पाच इंच, तोंड लांबीच्या दिशेने. धार पुढच्या काचेला धरून पलीकडे जाते, आडव्या काचेवर वळते आणि खडकांच्या मागून परत येते. सगळं पाणी एक मोठी प्रदक्षिणा घालतं. याला गायर म्हणतात. मजा अशी की एकदा तेवढ्या पाण्याला गती आली की ते स्वतःच्याच वजनाने फिरत राहतं, पंपाला फक्त ढोसत राहायचं. मात्र सुरू केल्यावर लगेच निकाल लावू नका, पाच-दहा मिनिटं जाऊ द्या.

सेकंदांचा ताल: चालू पंपाचा जोर थोडा वर-खाली. ५० ते ८० टक्के, कसाही. पण दर दोन सेकंदांनी पूर्ण बंद-चालू करू नका, प्रदक्षिणा मोडते.

आणि याला अट एकच: मागून परत यायला वाट हवी. तुमची रास काचेला टेकलेली आहे, म्हणजे परतीचा रस्ताच बंद. खडक चार इंच पुढे ओढा, जमलं तर एका भिंतीऐवजी दोन बेटं करा.

वातानुकूलित | १३ जानेवारी, ०९:५०

एक नम्र मतभेद. प्रदक्षिणा छान, पण गुळगुळीत प्रदक्षिणेत अ‍ॅक्रोपोराच्या फांद्यांच्या आतल्या बाजूला सावलीच राहते, पाण्याची सावली. तिथे खळबळ लागते. मी असतो तर दुसरा पंप पूर्ण नावाला न ठेवता मधूनमधून वीस टक्क्यांवर आडवा सोडला असता.

समिंदरी | १३ जानेवारी, १०:३०

खळबळ खडकच करून देतात. पाणी खडबडीत फांद्यांतून गेलं की आपोआप फुटतं. नुसत्या काचेच्या डब्यात तुमचं म्हणणं खरं.

वातानुकूलित | १३ जानेवारी, १०:४१

मान्य, पण अर्धं.

जुनं_खोड | १३ जानेवारी, २०:१५

इथे गायर, भरती, सीएफडी, कान्होजी सगळे येऊन गेले. साधा प्रश्न कोणीच विचारला नाही. जर्सीकर, पंप शेवटचे कधी उघडून धुतले?

खारा_जर्सीकर | १३ जानेवारी, २०:३०

...धुवायचे असतात?

जुनं_खोड | १३ जानेवारी, २०:३३

पांढरं व्हिनेगर आणि पाणी, अर्धं-अर्धं, तासभर भिजवायचे. पंख्याची पाती, चुंबक आणि तो बसतो ती विहीर जुन्या टूथब्रशने घासा. गुलाबी चुन्याचा थर निघेल. सव्वा वर्षात तुमच्या दहा हजाराचे सहा हजार झाले असतील तरी नवल नाही. दर तीन महिन्यांनी हे करायचं.

खारा_जर्सीकर | १४ जानेवारी, ००:५०

धुतले. बादलीत जे निघालं त्याचं वर्णन जेवणाच्या वेळी वाचणाऱ्यांसाठी टाळतो. एका पंपाचं पातं तर जवळजवळ गोल झालं होतं. परत लावले आणि चालू केले, तर पाच मिनिटांत पूर्ण टाकीभर वाळूचं वादळ, दोन्ही क्लाउनफिश कोपऱ्यात, माझा शर्ट ओला. जोर ४० टक्क्यांवर आणला.

चहा_बिस्कीट | १४ जानेवारी, ०८:१०

म्हणजे तिसरा पंप आधीपासूनच होता, चुन्याखाली.

पुणेरी_पापलेट | १४ जानेवारी, २२:२०

माझ्याकडे फक्त मासे आहेत, प्रवाळ नाही (वरचा कायदा वाचून हायसं वाटलं), पण पाणी फिरवण्यातला माझा गाढवपणा नोंदवून ठेवतो.

रिटर्न पाइपचं तोंड मी हौसेने खोल नेलं होतं, तळाला धार मिळावी म्हणून. रात्री लाईट गेली. पंप थांबला आणि त्याच पाइपमधून टाकीतलं पाणी उलटं खाली सम्पात यायला लागलं, पाइपचं तोंड उघडं पडेपर्यंत. सम्प भरला, मग हॉल, मग खालच्या मजल्यावरच्या आजोबांचं झुंबर. खारं पाणी होतं हे त्यांना झुंबराला गंज चढल्यावर कळलं, मला त्यांच्या बोलण्यावरून आधीच.

तर पाइपचं तोंड पृष्ठभागाच्या जेमतेम इंचभर खाली ठेवा आणि पंप मुद्दाम बंद करून सम्प किती चढतो ते जागेपणी पाहून घ्या. सगळ्या वायरी सॉकेटच्या खाली झोल देऊन वर न्या, म्हणजे ओघळ सॉकेटात न जाता झोलावरून टपकेल. आणि एक तरी पंप इन्व्हर्टरवर. लाईट गेली की आधी ऑक्सिजन संपतो, बाकीचं नंतर.

दर्यावर्दी_७७ | १४ जानेवारी, २२:४५

झुंबर! 😂

समिंदरी | १५ जानेवारी, ०४:००

कबुलीजबाब सुरूच आहेत तर माझाही घ्या. समुद्रफूल (अ‍ॅनिमोन) पाळलं होतं. ते स्वतःच्या पायाने फिरतं हे वाचलं होतं, पण इतकं फिरेल असं वाटलं नव्हतं. एका सकाळी पाणी दुधासारखं, आणि पंपाच्या जाळीत जे उरलं होतं ते. अर्धी टाकी गेली. तेव्हापासून नवं समुद्रफूल आलं की पंपांना स्पंजचं टोपडं. पाण्याचा जोर थोडा कमी होतो, होऊ दे.

वातानुकूलित | १५ जानेवारी, ११:००

मूळ मुद्दा. कुठे किती पाणी पोचतं ते मोजायची एक जुनी युक्ती आहे, समुद्रशास्त्रज्ञ १९७० च्या दशकापासून वापरतात: प्लास्टर ऑफ पॅरिसचे सारखे ठोकळे. बर्फाच्या ट्रेमध्ये पाडा, नीट वाळवा, वजन करा, टाकीत पाच ठिकाणी चोवीस तास ठेवा, परत वाळवून वजन करा. जिथे पाणी जास्त खेळतं तिथे जास्त झिजतं. खरा वेग कळत नाही, पण या कोपऱ्याची त्या कोपऱ्याशी तुलना चोख होते.

खडूस_काकू | १५ जानेवारी, ११:२०

पीओपीच्या मूर्ती विरघळत नाहीत म्हणून दर भाद्रपदात आपण डोकं फोडतो, आणि इथे पीओपी विरघळण्यावर पाणी मोजायचं?

वातानुकूलित | १५ जानेवारी, ११:३५

काकू, विरघळतं, फार सावकाश. तळ्याच्या तळाशी निवांत पडलेल्या चार फुटी मूर्तीला महिनोन् महिने लागतात. वाहत्या पाण्यातला लिंबाएवढा ठोकळा दिवसात जाणवण्याइतका झिजतो. फरक आकाराचा आणि वाहण्याचाच. रंग न मिसळलेलं प्लास्टर घ्या म्हणजे झालं.

पाटकरी | १५ जानेवारी, २१:१०

काकूंनी हा प्रश्न विचारला म्हणून मलाही हे ठोकळे आत्ता कळले.

हौशी_भौतिक | १६ जानेवारी, १८:००

कोणी लाटेचा विचार केला का? टाकीला स्वतःचा एक झोका असतो. १२० सेंटिमीटर लांब आणि पाण्याची खोली ५० सेंटिमीटर धरली तर एक हेलकावा सुमारे १.३ सेकंदाचा. पंप बरोबर त्या तालात चालू-बंद केला, पाळण्याला झोका द्यावा तसा, तर कमी जोरात सगळी टाकी डुलते. दर्यावर्दींची मालवणची पुढे-मागे, घरबसल्या.

जुनं_खोड | १६ जानेवारी, १८:२५

आणि काचेचे सांधेही डुलतात. जर्सीकरांचं घर लाकडी असणार; पाणी, खडक, काच धरून सहाशे किलोच्या वर वजन दर सव्वा सेकंदाला इकडून तिकडे. वरच्या कडेला आधारपट्टी नसलेल्या टाकीत करू नका, आणि घरमालक खाली राहत असेल तर मुळीच नका.

मालवणी_खाजा | १६ जानेवारी, १८:४०

घरमालकाक पण मासो दिसात, नाय तर काय.

दर्यावर्दी_७७ | १६ जानेवारी, १९:१५

वेव्हमेकरशिवायची एक लाट आठवली. हवाईच्या वाइकीकी मत्स्यालयातल्या ब्रूस कार्लसन यांच्या नावाने ओळखली जाते. टाकीच्या वर एक पिंप, त्यात छोट्या पंपाने सावकाश पाणी भरत राहायचं. आत उलट्या U सारखा वाकवलेला नळ. पाणी वाकाच्या वर गेलं की पूर्ण पिंप एका दमात टाकीत रिकामं. लहानपणी वासुदेवाचा प्याला पाहिलाय ना? कृष्णाच्या पायाला पाणी लागलं की यमुना ओसरते. तोच खेळ. ओघ असा येतो की पंपाला जमणार नाही.

समिंदरी | १७ जानेवारी, ०५:१०

करून पाहिलंय. लाट अप्रतिम, पण टाकीभर बुडबुडे आणि दर तीन मिनिटांनी घरात कोणीतरी संडासचा फ्लश ओढल्याचा आवाज. आठवड्यात काढलं, घरातली शांतता परत आली.

खारा_जर्सीकर | २३ फेब्रुवारी, २१:००

पाच-सहा आठवडे गायब होतो, आता हिशोब देतो.

खडक हलवले, शनिवार अख्खा गेला. रास मोडून दोन बेटं केली, मागे चार इंच वाट. मागच्या काचेवर जे चिकटलं होतं ते नळीने ओढून काढलं. दोन्ही पंप पुढच्या काचेकडे आणले, सहा-सहा तासांची पाळी, जोर ४५ ते ७० टक्के.

प्लास्टरचे ठोकळे खडक हलवायच्या आधी एकदा आणि नंतर एकदा ठेवले, प्रत्येकी ३० ग्रॅमचे. आधी: पुढे मधोमध ९ ग्रॅम झिजला, खडकामागे फक्त २. नंतर: पुढे ७, मागे ५. दाण्याचीही परीक्षा केली, माशांच्या खाण्याचा चुरा पुढच्या काचेला सोडला तर टाकीची लांबी सात सेकंदांत कापतो, म्हणजे सेकंदाला १७ सेंटिमीटर. आणि मग तो मागून फिरून परत आला! मी आणि मुलगी दोघांनी टाळ्या वाजवल्या.

तांबूस साय दोन आठवड्यांत विरळ झाली, आता एका कोपऱ्यात हातभर उरली आहे. टॉर्च डोलतो. अ‍ॅक्रोपोराच्या मागच्या बाजूला अजून काही फरक नाही, पण फिकेपणा पुढे सरकायचा थांबला. वातानुकूलित, तुमचा वीस टक्के आडवा झोतही रात्री तासभर ठेवलाय, समिंदरीताईंची माफी मागून.

तिसरा पंप घेतला. खोक्यातच आहे, दोघांपैकी एक मेला तर हाताशी असावा म्हणून.

समिंदरी | २४ फेब्रुवारी, ०२:३०

अ‍ॅक्रोपोराला तीन-चार महिने द्या. झोतासाठी माफ केलं.

पाटकरी | २४ फेब्रुवारी, ०६:५०

पाणी बारीला लागलं म्हणायचं. आमच्याकडे आज रात्रीची पाळी आहे.

खडूस_काकू | २४ फेब्रुवारी, ०९:१५

आणि खड्डा?

खारा_जर्सीकर | २४ फेब्रुवारी, १८:४५

काकू, तेच लिहायचं टाळत होतो. पाण्याने पडणारा खड्डा तीन आठवडे पडला नाही. मग मुलीच्या हट्टापायी एक गोबी मासा आणला, वाळू तोंडाने चाळतो म्हणून. त्याने पहिल्याच रात्री खणलं. टेप लावला. दोन्हीकडून दोन-दोन फूट.